सुतकाची चौकट

आमच्या घरची गाडी शेलूबाजार, किन्हीराजाकडच्या बागवाल्यांची भाजी उचलून वाशीमच्या बाजारात आणते. कुणाचा किती माल आहे, हे पूर्वी फोनवर कळायचं. माझ्या धाकट्या दिरानं त्यासाठी वेबसाइट केली आणि ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात कॉम्प्युटर शिकलेली दुसरी मीच.

बागवाले ज्या पानावर आपला माल भरायचे, तिथं एक चौकट होती, सुतकाची. घरात मौत झाली की आमच्याकडे माल तोडत नाहीत, आणि ते ड्रायव्हरला तोंडानं सांगणं माणसाच्या जिवावर येतं. म्हणून चौकटीवर नुसतं बोट टेकवायचं. समोर सासऱ्यांनी सांगितलेली ओळ यायची: 'तुमच्या घरच्या दुःखात आम्ही सामील आहोत. सुतक फिटेपर्यंत गाडी येणार नाही.' पुढे काही विचारणं नाही.

सुरुवातीला साइट रडतखडत चालायची. कुणीही पान उघडलं की प्रोग्राम नव्यानं सुरू व्हायचा, त्याचं काम करायचा आणि मरायचा. त्याच्या मनातलं त्याच्यासोबत जायचं. लोक शिव्या घालायचे. मग दिरानं तो सर्व्हरवर कायमचा जागता ठेवला, येईल त्याचं काम करणारा. वेग आला, आणि दीर कॉलर ताठ करून फिरू लागला. पण सुतक आहे की नाही, हे त्यानं ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं, म्हणजे साऱ्या प्रोग्रामला दिसेल अशा एका जागी. सुतक असेल तर तिथं 'हो' लिहिलं जायचं. नसेल तर काहीच नाही, कारण प्रोग्राम मरत होता तोवर त्याची गरजच नव्हती. आता तो मरत नव्हता, आणि एकाचा 'हो' न पुसता पुढच्या माणसासाठी तसाच राहायचा. टपरीवाल्यानं उष्टा कप न विसळता पुढच्याच्या हातात द्यावा, तसला प्रकार. हे ग्लोबल एकदा तपास, असं मी त्याला म्हटलंही होतं. चालत्या गाडीला कायले खीळ घालता वहिनी, म्हणून तो हसला.

किन्हीराजाला माझी चुलत सासू राहते, आमची काकी. तेव्हा काका छातीच्या दुखण्यानं अकोल्याला दवाखान्यात होते आणि मुलगा त्यांच्यापाशी होता. एका सकाळी शेलूबाजारच्या एका घरी म्हातारी गेली. त्यांनी चौकटीवर बोट टेकवलं. त्यांच्या मागोमाग काकीनं मेथीचा माल सांगायला पान उघडलं, आणि तिला ती ओळ दिसली.

दुसरा कुणी म्हणाला असता, साइट बिघडली. पण गाडी घरचीच ना! काकीला वाटलं, अकोल्याहून आम्हाला कळलंय आणि तोंडानं सांगायची कुणाची छाती होत नाहीये. मुलाला फोन लावला तर तो बंद. आम्हाला विचारायला तिची जीभ रेटेना. तिनं चूल विझवली, ओसरीत बसली आणि हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. शेजारणीचा फोन आला तेव्हा आमच्याही पायाखालची जमीन सरकली. मुलाचा फोन चार्ज होऊन लागला, तोवर काकी रडून रडून बसल्या जागी कलंडली होती. फोनवर काकांचा आवाज आला, "मी जिता हावो. काहून रडून राह्यली?"

मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते, असं लोक म्हणाले. त्या बोलण्याचाही मला संताप आला. त्याचं वाढत असेल, पण तिचं किती घटलं?

दीर लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, त्याच्याकडे तर बरोबर चालतंय. चालणारच! हा बाबा दर वेळी प्रोग्राम नव्यानं सुरू करून तपासायचा. मी त्याला मधे काही बंद न करता आधी शेलूबाजारचं सुतक भरायला लावलं आणि लगेच काकीच्या नावानं पान उघडायला लावलं. ओळ आली. तो पांढराफटक पडला, मग तोंड झाकून रडला. मला त्याची कीव आली, पण राग काही ओसरला नाही. त्या दिवशी दोघांनी मिळून एकेक ग्लोबल बाहेर काढला. गावांची नावं, गाडीचा रस्ता, असं जे सगळ्यांचं होतं ते राहू दिलं. एकेका माणसाचं जे होतं ते त्याच्या कामापुरतंच ठेवलं, आणि कुणीही आलं की सगळ्यात आधी सुतक 'नाही' लिहायचं, असं केलं.

काका घरी आले. वर्षभर मळ्यात खाट टाकून बसायचे, सगळ्यांवर खेकसायचे. मग एका पहाटे झोपेतच गेले.

आम्ही पोचलो तेव्हा काकीभोवती बाया होत्या. मेथी तोडणीला आलेली होती, गाडीला कळवणं भाग होतं. मुलानं फोन काढला, तर काकीनं तो त्याच्याकडून मागून घेतला. चौकटीपाशी बोट नेलं आणि तिथंच थांबवलं. मला जवळ बोलावलं.

"पोरी, मी हे दाबलं तं मह्यामागून कोन्या बाईले तं नाही दिसनार?"

मी म्हटलं, नाही दिसणार.

"पक्कं नं?"

"पक्कं, काकी."

मग तिनं बोट टेकवलं.