पाच वाजताचा गठ्ठा

चैतू कुमरे आठवी शिकलेला. आमच्या एकवीस ग्रामसभांची मेलची यादी त्यानंच उभी केली, तडकलेल्या फोनवर, चुकत चुकत. एका पत्त्यावर मेल टाकलं की एकवीस गावांत जायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर साहेब म्हणतात, लेखी द्या. घ्या मग लेखी!

आरमोरीच्या आत, जंगलातल्या त्याच्या गावात नेटवर्क नाही. रोज संध्याकाळी सहाला तो टेकडीवर चढायचा, मेल उतरवायचा, खाली येऊन गोटुलासमोर, गावाच्या सामाईक घरापुढं, मोठ्यानं वाचायचा. बायको सुकरी अगदी पुढ्यात बसायची. त्यानं एखादी ओळ गाळली की हटकायची, "पुरं वाच! अर्धं काऊन गिळून राह्यला?"

भानगड मी केली. माझ्या फोनवर रोज चाळीस मेल. फेब्रुवारीच्या बैठकीत मी भडकलो, "चैतू, हे बंद कर. दिवसाचा एकच गठ्ठा पाठव."

बैठकीतली मंगलीबाई हसली. "नेत्याले वाचाचा कंटाळा आला वाटते."

चैतू म्हणाला, "होते भाऊ. पाच वाजता गठ्ठा बांधला जाईल. पण पाचनंतरचं दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात जाते. मी माह्यापुरतं सुटंच ठेवतो."

"काऊन? तू काय वेगळा? ग्रामसभेत नियम सगळ्यांले एक."

हे वाक्य मीच गावोगाव शिकवलेलं. ठराव झाला, त्यानं स्वतःलाही गठ्ठ्यात टाकलं.

एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळायला लागली. एका संध्याकाळी सव्वापाचला शेजारच्या गावच्या पत्रूनं यादीवर टाकलं: नाल्याकडच्या मोहाखाली वाघीण आहे, पिल्लं आहेत, उद्या कोणी येऊ नका. सहाला चैतू टेकडीवर होता. पाचचा गठ्ठा त्यानं उतरवला, वाचला. पत्रूचं त्यात नव्हतं.

पहाटे सुकरी टोपली घेऊन नाल्याकडे गेली.

दुपारपर्यंत तिचा देह आणला. मी सावली गावाहून पोचलो तेव्हा चैतू दारात बसला होता. सहाला उठला, टेकडीवर चढला. मी मागं मागं. गठ्ठा उतरला. त्यात पत्रूचं मेल तिसरं होतं. त्यानं मला दाखवलं नाही. त्याची मान बघूनच कळलं.

"आज राहू दे," मी म्हणालो.

"लोक बसले असतील."

खाली आला, उभा राहिला, पहिल्यापासून वाचलं. तिसरं आलं तेव्हाही थांबला नाही. तारीख वाचली, वेळ वाचली, सव्वापाच. पत्रू माणसांत बसला होता, त्यानं डोक्यावर पंचा ओढला. चैतूनं एक शब्द गाळला नाही.

पुढच्या बैठकीत तो एवढंच बोलला, "गठ्ठा मोडाचा हाय. कोणाकोणाले मंजूर?" आणि माझ्याकडे बघत राहिला, मी हात वर करेपर्यंत.

आता मला रोज चाळीस येतात. चाळीसही वाचतो.