पित्तरपाठातली सायकल

त्या वर्षी लढाईमुळे पेट्रोल मिळेना आणि रिसोडची मोटर बंद पडली. माझी थोरली बहीण आमच्याकडच्या मालेगावच्या पलीकडे दिली होती. भाद्रपदात निरोप आला की तिला ताप आहे, उतरत नाही. वडील बैलगाडी घेऊन तिला बघून आले. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि तेवढे दिवस तण काढायचे डवरे बैलांवाचून रानात उभे. पुन्हा चार दिवसांनी जायचं तर बैल कुठून आणणार?

म्हणून सायकलचा विचार निघाला. रिसोडच्या एका कापूसदलालाला आपली जुनी सायकल विकायची होती. वडील बाजाराच्या दिवशी ती बघून आले. बघून म्हणजे, बैल बघावा तशी. चारही बाजूंनी फिरले, पाठीवर थाप मारावी तशी सीटवर मारली, आणि मालकाला विचारलं, "खोड काय हाय इची?"

तो म्हणाला, "चढावर चेन उतरते. बाकी गरीब हाय."

घरी येऊन वडिलांनी हे हसत हसत सांगितलं. पोरगी आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. सकाळी निघालो तर दुपारच्या आत तिच्यापाशी, असा त्यांचा हिशेब होता.

आई हसली नाही. पित्तरपाठ लागला होता, आणि पितरांच्या त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवी वस्तू घरात येत नसे.

"अवं, जुनी सायकल हाय," वडील म्हणाले. "तिले नवी काहून म्हन्तेस?"

"त्याच्या घरी जुनी. आपल्या घरी तं नवीच येईन ना? पोरगी तिकडं तापात पडली हाय, अन् तुमी पित्तरपाठात नवी चीज आनता. तिलेच बाधन ते."

दोनतीन दिवस घरात हाच वाद चालला, जुनी का नवी. मला त्या वयात त्याची गंमत वाटायची; आज आठवलं की डोकं तडकतं. आईवर मात्र रागावता येत नाही. वडिलांना सायकल हवी होती ती लेकीसाठी, आणि आईला नको होती तीही लेकीसाठीच. शेवटी वडीलच नमले. घट बसले की आणू, असं ठरलं. दलालानं तोवर सायकल ठेवायचं कबूल केलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, उजाडतानाच माणूस आला. तब्येत फार बिघडली आहे, लगेच निघा. वडिलांनी गाडी जुंपली, आई शेजारी बसली. ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि माणसं मसणातून परतत होती. सासरच्यांनी दुपार कलेपर्यंत वाट पाहिली होती.

दुपार कलेपर्यंत. हे दोन शब्द आमच्या घरात नंतर कधीही कुणी उच्चारले नाहीत.

सुतक फिटल्यावर वडील रिसोडला गेले आणि ती सायकल घेऊन आले. आता कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. दसऱ्याला अवजारांची पूजा झाली तेव्हा आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्षभर ती भिंतीला टेकून उभी होती. वडील कधीकधी तिच्या चेनला तेल देत बसायचे.

पुढच्या पित्तरपाठात बहिणीच्या सासरहून बोलावणं आलं. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात, त्यासाठी. वडील पहाटे गाडी जुंपायला उठले. आई आधीच अंगणात होती, पदरानं सायकल पुसत.

"इच्यावर जा," ती म्हणाली. "दुपारच्या आत पोचान."

वडिलांनी बैलाचा दोर सोडला नाही.

"जा ना. आता जुनी झाली ते."