नाताळाच्या सुट्टीत

जनकाबाई इंगळे वडनेर भोलजीहून पहिल्यांदा परदेशी गेल्या त्या नवऱ्यासोबत, पंजाबरावांसोबत, आणि परतल्या त्या एकट्या.

पंजाबराव एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. एकुलता एक मुलगा अश्वजित कॅनडात, विनिपेगला नोकरीला. बायको रेणुका आणि पाच वर्षांची मुलगी मैत्री. "नाताळाला या," तो दरवर्षी म्हणायचा, "सगळ्यांना सुट्टी असते, चार दिवस एकत्र बसता येईल." शेवटी डिसेंबरच्या सुरुवातीला दोघं निघाली.

तिथली थंडी जनकाबाईंच्या कल्पनेतली नव्हती. दाराबाहेर श्वास घेतला की नाकात काहीतरी कडक व्हायचं. खिडकीबाहेर सगळं पांढरं, माणूस म्हणून दिसायचा नाही. पंजाबरावांना रिकामं बसवेना. अश्वजित रोज अंगणातला बर्फ उपसतो हे पाहून त्यांनी त्याच्या हातातलं फावडं घेतलं.

"बाबा, राहू द्या. हे लई जड असते."

"काऊन? वावरात फावडं मारलं नाई काय म्या?"

नाताळाच्या आदल्या दिवशी अश्वजित आणि रेणुका केक आणायला गेले होते. रात्रभर बर्फ पडला होता, म्हणून पंजाबराव बाहेर गेले. पुरण वाटता वाटता जनकाबाईंनी खिडकीतून पाहिलं तर ते बर्फात बसलेले. दमले असतील असं वाटून त्या पुन्हा पुरणाकडे वळल्या. थोड्या वेळानं पाहिलं, तर ते एका अंगावर कलंडले होते.

त्या चपलांवरच धावल्या. हाका मारल्या, गाल चोळले. मग शेजारचं दार बडवलं आणि उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला नुसतं हाताला धरून ओढत आणलं. सांगायला भाषा नव्हती. ॲम्ब्युलन्स त्या बाईनंच बोलावली. दवाखान्यात अश्वजित धावत पोचला, तेव्हा डॉक्टर त्याच्याशी हळू आवाजात काही बोलला. अश्वजितनं मान खाली घातली आणि जनकाबाई समजल्या.

पुढं सगळं बंद. कचेऱ्यांना सुट्टी, अंत्यसंस्कार करणाऱ्यांकडेही एकच माणूस फोनवर. पंजाबरावांना शवागारात ठेवलं. गावाहून थोरल्या दिरांचा, मोतीराम यांचा फोन आला.

"माती गावातच झाली पायजे. कधी आणून राह्यले?"

अश्वजितनं आईला समजावलं, सुट्ट्या संपल्यावर कागदपत्रं होतील, तीनेक आठवडे जातील.

"तितके दिवस त्याईले असंच थंड्यात ठेवशील?" जनकाबाई म्हणाल्या. "त्याईले थंडी सोसत नाई रे. इथंच कर."

मोतीराम फोनवर ओरडले, "जनका, माह्या भावाले परमुलखात जाळतेस?"

"हाव, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि फोन रेणुकाच्या हाती दिला.

नाताळाच्या सकाळी मैत्री सजवलेल्या झाडाजवळ मुकाट बसली होती. खाली रंगीत कागदातली खोकी तशीच पडलेली. रेणुका न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. जनकाबाईच नातीला म्हणाल्या, "खोल माय, तुह्यासाठीच आणले ना." पहिल्याच खोक्यातून एक बाहुली निघाली आणि मोठ्यानं गाणं म्हणू लागली. ती बंद कशी करायची ते कुणालाच सापडेना. बाहुली गात राहिली, मैत्री घाबरून कानांवर हात धरून उभी. शेवटी अश्वजितनं तिच्या पाठीतले सेल ओढून काढले आणि तसाच जमिनीवर बसून हमसून हमसून रडला. कालपासून पहिल्यांदाच.

सुट्टीनंतर दहन झालं. विद्युतदाहिनीच्या खोलीत घरची माणसं, अश्वजितचे दोन मित्र आणि शेजारची ती बाई. भन्तेजी मिळाले नाहीत. जनकाबाईंनी स्वतः त्रिशरण म्हटलं. पंचशील म्हणताना मध्येच शब्द विसरले, तेव्हा अश्वजितनं ते पुढं म्हटले.

जानेवारीत त्या अस्थी घेऊन वडनेरला आल्या. जलदान विधीला अख्खा मोहल्ला आला, मोतीराम आले नाहीत. त्यांचं घर समोरच आहे. जनकाबाई अंगण झाडत असल्या की ते दार लोटून घेतात.

अश्वजित रविवारी फोन करतो. "माय, मी फावडं त्याईच्या हातात द्यायलेच नको होतं," असं एकदा म्हणाला. जेवलास का, एवढंच जनकाबाईंनी विचारलं.

"उन्हाळ्यात तरी ये, तवा इथं बर्फ नसते," असं तो दर वेळी म्हणतो.

"पाहू," त्या म्हणतात. त्या जाणार नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे.