अक्काचं गाळणं

लाख वितळल्याचा वास आला की धुळ्याकडच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. रंगाच्या कारखान्यानं नदी अशी नासवली होती की बगळेसुद्धा निळे होऊन उडायचे. पण पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार म्हणताच कारखान्यानं सांडपाणी थांबवलं, आणि नदी लबाडासारखी निर्मळ वाहू लागली. "पाणी तर स्वच्छ आहे," म्हणत साहेबांनी बाटली भरली. गावाचा धीरच सुटला. तेवढ्यात शेजारच्या अक्कानं त्यांना प्यायला पाणी गाळून दिलं. साहेब पिईनात, रोजच्या गाळण्यानं फडक्यावर साचलेला निळा थरच बघत राहिले. "अक्का, हे फडकं द्या, लाखेनं सील करतो." मळकं फडकं धुवायला उचलत अक्का ओशाळली. "थांबा भाऊ, मळेल शे, धुईसन देस!" साहेबांनी ते अक्षरशः हिसकावलं, आणि त्या पुराव्यानंच पुढे कारखान्याचं सांडपाणी बंद झालं. आज वाटतं, लाजायला हवं होतं कारखान्यानं. मान खाली घालून उभी राहिली ती मात्र अक्का.