हिरव्या तुऱ्याचा कोंबडा

तुम्ही हसणारच, म्हणून आधीच सांगते: चहाचा कप खाली ठेवा, मग ऐका. देवाशी खरं वागायच्या नादात मी पोटच्या पोराशी अशी लबाडी केली, की ती पार आसामात गाजली!

नव्वदीची अखेर असेल. आम्ही राहुरीत. आमचा विजू फौजेत, तिकडं आसामला. त्याचे वडील दुधाच्या टँकरवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात मी आणि देव. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार... माझे उपासच इतके, की चूल क्वचित पेटायची. आता हे भक्तीमुळं, की एकटीसाठी भाकरी थापायच्या कंटाळ्यामुळं, ते त्या देवालाच ठाऊक!

विजू गेला तेव्हा देवीला बोलले होते, "लेकरू सुखरूप दारात येईपर्यंत कोऱ्या कापडाची घडी मोडणार नाही." दोन वर्षं गेली. आणि नेमकं त्याच लेकरानं पार्सल पाठवलं! सोबत वेगळं पत्र: "आई, माझ्या पसंतीची साडी आहे. नेसून फोटो काढ आणि पाठव. इथं सगळ्यांच्या उशाशी आईचा फोटो आहे, माझ्याच नाही."

आली का पंचाईत? नेसावी तर नवस मोडतो. न नेसावी तर पोरगं हिरमुसतं. बरं, नवसाचं कळवावं, तर सासूबाई बजावून गेलेल्या: ज्याच्यासाठी नवस, त्याला फिटेपर्यंत सांगायचा नसतो.

पार्सल देव्हाऱ्याखाली ठेवलं. उघडलंसुद्धा नाही. न जाणो, उघडताना घडी हलली तर? कागद फक्त एका कोपऱ्यात फाटला होता. तिथून बोटभर हिरवा रंग दिसायचा. रोज दिवा लावताना मी त्या हिरव्यावरून बोट फिरवायचे. तेवढीच विजूची भेट.

अशात कळलं, स्टँडजवळच्या फोटोवाल्यानं कंप्युटर आणलाय आणि तो फोटोतले रंग बदलून देतो. देवीच पावली म्हणा! दिवाळीत तुळशीपाशी काढलेला जुन्या लाल साडीतला फोटो घेऊन गेले.

"भाऊ, या लाल साडीची हिरवी होईल का?"

"हिरवी काय, ताई, मोरपंखी करतो! नगरला शिकून आलोय."

त्यानं फोटो एका पेटीत पालथा घातला, आत उजेड सरकला, आणि मी पडद्यावर आले. त्यानं पदरावर बाण नेला, टिचकी मारली. साडी हिरवीगार! मी हात जोडले. मग नजर वर गेली.

कपाळावरचं कुंकूही हिरवं!

"अगं बाई! भाऊ, कुंकू! हे टँकरवर गेलेत हो! आत्ता घाटात असतील!"

"ताई, कंप्युटरला काय कळतंय? त्याला साडी न्हाई, कुंकू न्हाई. लाल म्हंजी लाल, समदं बदलतंय."

खरंच की! ओठ हिरवे. तुळशीजवळची पणती हिरवी. शेजारच्या शांताबाईंचा कोंबडा फोटोत घुसला होता, त्याचा तुरासुद्धा हिरवा, कोथिंबिरीच्या जुडीसारखा!

तिथंच उभ्या उभ्या दुसरा नवस बोलले: हे सुखरूप येऊ देत, पाच मंगळवार अळणी जेवीन. भाऊंनी ठिपका ठिपका करून कुंकू लाल केलं, ओठ केले, पणती केली.

"कोंबडं ऱ्हायलं, ताई. करू?"

"राहू द्या हो. कोंबड्याला कोण बघतंय?"

संध्याकाळी हे आले. मी डोळे भरून बघत राहिले.

"काय बघतीस अशी?"

"काही नाही. घाट नीट गेला ना?"

"कुठला घाट? गाडी दिवसभर गॅरेजात हुती."

पाच मंगळवार मात्र मला अळणीच गिळावे लागले. बोललेलं थोडंच परत घेता येतं?

फोटो पाठवला. महिन्याभरानं उत्तर आलं: "आई, फोटो उशाशी लावलाय. सगळी बराक विचारते, तुमच्याकडं हिरव्या तुऱ्याचे कोंबडे असतात का? मी म्हणालो, असतीलही. कारण मी पाठवलेली साडी अंजिरी होती. हिरवे नुसते काठ. आई, खरं सांग, पार्सल उघडलंस तरी का?"

देव्हाऱ्यापुढं बसून आधी हसले, मग रडले. पोराला वाटलं असेल, आईला माझ्या साडीची किंमतच नाही. त्या दिवशी सासूबाईंची मनोमन क्षमा मागितली आणि नवसासकट सगळं लिहून टाकलं.

पत्राला उत्तर आलं नाही, विजूच आला. त्याला दारात ओवाळलं, आत गेले आणि घडी मोडली. अंजिरी साडीत बाहेर आले, तर त्यानं मला तुळशीपाशी उभं केलं. मग खरा फोटो काढला.

"हा घेऊन जा रे, तो फाडून टाक."

"न्हाई आई. हा घरी ठेव. तिथला कोणी हलवू देत न्हाई. कोंबडा आता समद्या बराकीचा झालाय."

वीस दिवसांची रजा संपली. साडी पुन्हा घडी होऊन देव्हाऱ्याखाली गेली. घरात मी आणि देव.

आणि शांताबाईंचा कोंबडा. रोज सकाळी भिंतीवर चढायचा, लालभडक तुरा हलवायचा आणि मान वाकडी करून माझ्याकडं असा बघायचा, की देवीपुढं ताठ उभी राहणारी मी त्याच्यापुढं मुकाट मान खाली घालायचे.