पाव फेरा

तार आली तेव्हा माझे हात रॉकेलात होते. हरीच्या टॅक्सीची टायमिंग चेन धुवायला घेतली होती. तारवाल्याला थांबवलं, साबणानं हात धुतले, सही केली आणि मग वाचलं. शंकरभाऊजी मुंबईच्या इस्पितळात पहाटे गेले. तारवाला काहीतरी बोलला... मी चेन फडक्यावर वाळत घातली.

याला सहा आठवडे झाले. भाऊजी माझे धाकटे दीर. माझे यजमान गेल्यावर "घरात बसून काय करणार, वहिनी? हत्यारं तरी पुसा," म्हणत त्यांनीच मला पनवेलच्या आमच्या गॅरेजात आणलं. मी पुसली. पहिल्याच महिन्यात एका जुन्या इंजिनाच्या दातेरी चाकांवर चुन्याचे ठिपके दिसले. भाऊजींना पानाचं व्यसन; चुना सांडला असेल, असं समजून मी ते लख्ख घासून काढले. मूळच्या खुणा झिजल्या की त्या ठिपक्यांवरून चाकं परत जुळवायची असतात, हे मला कुठलं ठाऊक! भाऊजींचा अख्खा दिवस गेला. ओरडले नाहीत. "वहिनी, इथं डाग आधी वाचायचा, मग पुसायचा," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मला पाना धरायला शिकवलं.

हरीच्या गाडीचं काम त्यांच्या आजारपणानं अर्ध्यावर राहिलं होतं. चेन निघाली होती, पण इंजिनाच्या क्रँकच्या दांड्याच्या टोकावरचं, ती चेन फिरवणारं छोटं दातेरी चाक घट्ट बसलं होतं. तेराव्यानंतर मोठ्या दिरांनी सांगून टाकलं, गॅरेज विकू. बाईमाणसाकडे गाडी कोण देणार? उभी असलेली एकुलती एक गाडी हरीची. तीच दोर लावून गेली असती, तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी हरी रोडपालीहून आलाच, दोर घेऊन.

"वयनी, तुमी ऱ्हाऊ द्या. मी मुंबयला नेतो."

"दुपारपर्यंत थांब."

"मंग दोन हातोड्या तरी हाना."

"तुझ्या डोक्यात हाणू? दात तुटला तर दुसरं चाक आणायला विलायतेला तू जाणार आहेस का?"

तो बाकावर जाऊन बसला.

चाक ओढून काढायच्या पुलरचे पंजे चाकामागे अडकवले, मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवला. भाऊजींची रीत अशी, की पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. तेवढ्यात ते पान लावून घेत. मी नुसती थांबले. पाव फेरा... थेंबभर तेल... पुन्हा पाव फेरा. ऊन दारातून आत आलं. मला काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. मग टक् असा आवाज आला आणि चाक हातात उतरलं.

चाकाखाली दांड्याच्या खाचेत नखाएवढी अर्धगोल चावी असते. तिच्यामुळे चाक दांड्यावर घसरत नाही; ती हरवली की काम अडलं. म्हणून भाऊजी ती काढल्याबरोबर गालात धरत. तेवढा वेळ कोणी काही विचारलं तरी बोलत नसत. गिऱ्हाइकं त्यांना तुसडा म्हणायची. त्या तेलकट सवयीवरून मीही त्यांना कितीदा टोकलं होतं.

"निघाला का, वयनी?" हरी उठून आला.

मी बोलले नाही. त्यानं परत विचारलं. मी मान हलवली. त्यानं वाकून दांडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बाकावरचा दोर गुंडाळायला घेतला.

चावी माझ्या गालात होती. तिथं कधी ठेवली, मला आठवत नाही.