बादलीतला समुद्र

२८ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ, शिवडी बंदराचं फाटक. हजर: मी, धाकटा भाऊ आणि व्हीलचेअरवर आई. सोबत काळे तीळ, तांब्या, छत्री, आईच्या गोळ्या.

मी श्रद्धेने गेले नव्हते, रागाने गेले होते. १९४५ साली याच तारखेला पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली भूकंप झाला आणि काही तासांनी त्याची लाट मुंबईत शिरली. आजोबा, आईचे वडील, याच बंदरावर हमाल होते. वाहून गेले, सापडले नाहीत. आई तेव्हा दोन वर्षांची. काळाचौकीच्या खोलीत आजीने मरेपर्यंत कुंकू लावलं, ते परतावेत म्हणून देवीचे मंगळवार धरले. त्यांच्या नावाने पाणी सोडायचं म्हणजे ते गेले असं मानायचं, म्हणून तिने कुणालाच सोडू दिलं नाही. एका बाईला आयुष्यभर असं ताटकळत ठेवणाऱ्या देवीपुढे मी हात जोडणं कधीच बंद केलं होतं. पण आईचं हृदय आता थकलंय, आणि तिने एवढंच मागितलं: बापाला पाणी द्यायचंय, जिथून तो गेला तिथेच.

रखवालदाराने पास मागितला. माझ्या यादीत पासची ओळच नव्हती. त्याचं बरोबर होतं, तरी मी त्याच्यावर, भावावर, देवीवर, सगळ्यांवर तोंड सोडलं. भाऊ म्हणाला, घरीच करू, नाहीतरी हे पुरुषांनी करायचं असतं. आई शांतपणे म्हणाली, "बापूस माझो. तुझो नाय."

किटली घेऊन आत निघालेली एक चहावाली हे ऐकून थांबली. "मावशी, तुम्ही बसा. समुद्रालाच बाहेर आणते," म्हणाली आणि रखवालदाराची बादली उचलून गेली. गढूळ, खारं पाणी घेऊन आली. आईने तीळ घातले, ओंजळी भरून पुन्हा बादलीतच सोडल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा "बाबा" अशी हाक मारली. मग त्या बाईने बादली दोन्ही हातांनी धरली. "पोचवून येते," म्हणाली.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. मी सगळी तयारी केली होती. जिथे काही राहून गेलं, नेमकं तिथेच कुणीतरी उभं होतं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. आई त्या दिवसापासून शांत झोपते.

राग मात्र गेलेला नाही. ती बाई बादली घेऊन जाण्याआधी आई माझ्याकडे वळून म्हणाली होती, "आता तू सोड." मी हात मागे घेतले. माझी ओंजळ अजून सोडायची आहे.